उघडं राहिलेलं बेडं

एका शहरात हेरंब नावाचा एक चष्मेवाला राहत असे. त्याचं दुकान भर चौकात होतं. दिवसभर कानांवर हॉर्न आदळत. माणूस मनाचा निर्मळ, आणि आभार मानण्यात तर त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. गिऱ्हाइकाचे आभार, चहावाल्याचे आभार. एकदा अडखळून पडता पडता खुर्चीनं सावरलं, तर तो खुर्चीलाही ‘थँक्यू’ म्हणाला होता.

एका हिवाळ्यात दुकान भावावर सोपवून तो मित्रांबरोबर सायकलने समुद्राकडे निघाला. घाट उतरल्यावर त्यांना एक जुनी वाट लागली. ती एका मोठ्या तळ्याच्या काठाकाठाने जाई आणि मग सुरूच्या बनातून थेट समुद्रावर उतरे. मोटारी त्या वाटेला फिरकत नसत, कारण ती लोकांच्या शेतांतून आणि अंगणांतून जात होती. दर थोड्या अंतरावर दगडी कुंपण, आणि कुंपणाच्या तोंडाशी आडव्या बांबूंचं फाटक. त्याला तिकडे बेडं म्हणतात. बांबू सरकवायचे, आत जायचं, बांबू पुन्हा सरकवायचे.

त्या मुलखात पावसाळी भात घरात आलं की गुरं मोकळी सोडायची चाल आहे. आणि तळ्याला पाणी असल्यामुळे हिवाळ्यातही काही लोक भाताचं दुसरं पीक घेतात. म्हणजे मोकाट गुरं आणि कोवळं भात यांच्यामध्ये असतं ते फक्त बेडं. म्हणून जो उघडेल त्यानंच ते लावायचं, ही गोष्ट तिथल्या शेंबड्या पोरालाही कळते. ती कोणी कोणाला सांगत नाही. हेरंबलाही कोणी सांगितली नाही.

हेरंब सगळ्यांच्या पुढे होता. एका बाजूला तळं, त्यात कमळाची पानं, दुसऱ्या बाजूला शेतं. हॉर्न नाही, धूर नाही. स्वतःच्या सायकलच्या साखळीचा आवाज त्याला आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “देवा, तुझे किती आभार मानू!” तो मोठ्यानं म्हणाला. पाणकोंबड्या दचकून पाण्यात शिरल्या.

एका बेड्यापाशी सुभद्राकाकी उभी होती. एकटीच राहणारी म्हातारी, कमरेत वाकलेली, पण शेत स्वतः करणारी. तिनं हेरंबला हाक मारली.

“उनातसून इलंस रे बाबा. वायच पाणी पी.”

तिनं तांब्याभर पाणी दिलं, वर गुळाचा खडा दिला. पलीकडच्या वाफ्यात तिचा तरवा उभा होता. तरवा म्हणजे लावणीआधीची भाताची रोपं. हिरवीगार, वीतभर उंच, आता उपटून लावायचीच बाकी. तिची वर्षाची पेज त्यावर होती. हेरंबनं तिचे तोंडभरून आभार मानले. काकी हसत तांब्या घेऊन घरात गेली आणि हा बेडं उघडून पुढे निघाला.

बेडं त्यानं उघडंच ठेवलं. सकाळपासून तो प्रत्येक बेडं उघडंच ठेवत आला होता, आणि तेही चांगुलपणानं. मागून येणाऱ्या मित्रांना उतरावं लागू नये, एवढाच त्याचा विचार. शहरात त्याच्या सोसायटीचं फाटक वॉचमन लावत असे. आपल्या मागे फाटक लावायची वेळ त्याच्यावर जन्मात आली नव्हती. मित्र आले, उघड्या बेड्यातून सुसाट निघून गेले. ते नेहमीच उघडं असतं असं त्यांना वाटलं.

समुद्रावर पोचून मंडळी पोटभर जेवली. इकडे हे जेवत होते तेव्हा तिकडे गुरंही जेवत होती.

उन्हं कलल्यावर ते त्याच वाटेनं परतले, तर काकीच्या शेतापाशी माणसं जमलेली. तरवा मुळापासून खुडला गेला होता. वाफ्यात नुसत्या खुरांच्या खुणा. काकी बांधावर बसली होती. शेजारचा बाबल तिला समजावत होता.

“काकी, बेडा तूच इसारलंस गो. आता वय झाला तुझा. पुरे झाली ती शेती.”

काकी हळूच म्हणाली, “माका वाटता, मी लावलेलंय. पण तू म्हणतस तसा असात. माझाच डोक्या आता ऱ्हवाक नाय. सोडतंय शेती.”

आपण उघडंच ठेवलेलं बेडं हेरंबला आठवलं. एक मित्र त्याच्या कानाशी लागला, “चल, निघू या. कोणाला काही ठाऊक नाही.”

खरंच कोणाला काही ठाऊक नव्हतं. सायकलवर टांग मारली असती तर संध्याकाळच्या आत घाट गाठला असता. पण त्याच्या जिभेवर अजून त्या गुळाची चव होती. आणि जिनं गूळ दिला ती म्हातारी, स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा त्याच्या पायी गमावून बसली होती. तरवा एकदा गेला तर पुन्हा पेरता येतो. हा भरवसा कुठून आणायचा?

हेरंबनं सायकल कुंपणाला टेकवली आणि तो पुढे झाला.

“काकी, तुम्ही काही विसरला नाहीत. बेडं मी उघडं ठेवलं. इथलंच नाही, सगळीच.”

बाबल भडकला. “उद्यापासून ह्या वाटेन एक सायकल जावची नाय! बेड्यांका कुलपां घालतंय!”

काकीनं मात्र मान वर केली. आधी तिनं आपल्या कपाळावरून हात फिरवला, जणू आत सगळं जागच्या जागी आहे ना हे पाहिलं. मग हेरंबकडे बघून म्हणाली, “तू आभार मानलंस तां ऐकलंय मी. बेडा लागल्याचो आवाज मात्र ऐकूक इलो नाय. माका वाटला, कानच गेले माझे.”

हेरंबला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

“कुलूप नको रे बाबल,” काकी म्हणाली. “वाट सगळ्यांची आसा. ह्येका बेडा लावूक शिकव, म्हणजे झाला.”

तळ्याकाठी जो तो लागेल त्याहून थोडा जास्तच तरवा पेरतो. उरलेल्या मुठी अडल्यानडल्याला देतात. काकीला त्या मिळाल्या असत्या, पण घरं तळ्याभोवती दूर दूर पसरलेली. बाबलच्या पायाला सांधेदुखी. आणणार कोण, असा प्रश्न पडला.

“मी आणतो,” हेरंब म्हणाला.

मित्र पुढे गेले. हेरंब त्या रात्री बाबलच्या पडवीत झोपला आणि उजाडताच सायकल घेऊन निघाला. तेच तळं, तीच वाट. पण आज प्रत्येक बेड्याशी तो उतरला. बांबू सरकवले, आत गेला, बांबू पुन्हा लावले, आणि खोबणीत बसल्याचा ‘खट्’ आवाज ऐकल्याशिवाय हलला नाही. घरोघरी त्यानं आधी चूक सांगितली, मग तरवा मागितला. कोणी दोन शब्द सुनावले, कोणी सुनावून वर चहाही पाजला. पण रिकाम्या हातानं कोणीच परत धाडलं नाही. दुपारी सायकलवर तरव्याचा एवढा ढीग होता की हिरव्या गवताची गंजीच चालत येते आहे असं वाटावं.

मग तो काकीच्या मागे चिखलात उतरला. त्याच्या ओळी अशा वाकड्या आल्या की काकी पोट धरून हसली. पण भातानं काही ओळीचं वाकडेपण मनावर घेतलं नाही. ते रुजलं.

पुढल्या हिवाळ्यात तळ्याकाठी पुन्हा सायकली आल्या. काकी अंगणात भात वाळवत होती. एकेक सायकल बेड्यातून गेली. सगळ्यात शेवटी जो होता तो उतरला, त्यानं बांबू सरकवले.

खट्.

काकीनं वर पाहिलंही नाही. “इलो आमचो चष्मेवालो,” ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या भरायला आत गेली.

हेरंब आता सगळ्यांच्या मागून सायकल चालवतो. वाट त्याला तेवढीच सुंदर दिसते.

तात्पर्य: ज्या वाटेनं आपल्याला सुख दिलं तिचे आभार जिभेनं मानणं सोपं असतं, पण आपण गेल्यावर मागच्यांचं काही बिघडणार नाही अशी ती वाट राखणं, हीच खरी कृतज्ञता.