सिदोजी सुभेदाराची आणि पाण्याच्या वशाची कहाणी

ऐका साती आसरांनो, पाण्यातल्या बायांनो, तुमची कहाणी.

आटपाट नगराच्या वेशीबाहेर, नदीच्या काठी, सिदोजी नावाचा एक बारगीर राही. घोडा राजाचा, भाला राजाचा, भूक तेवढी स्वतःची. घरात बायको लाडाई. तिला दिवस गेलेले होते.

एके दिवशी राजानं दवंडी पिटवली. "समुद्रापलीकडं आपल्या देवाचं ठाणं आहे, ते परक्यांच्या हाती गेलं आहे. जो सोडवायला येईल त्यानं अंगरख्यावर तांबडी चिंधी शिवावी. त्याचं मागलं सगळं पाप धुऊन जाईल." सिदोजी घरी आला. म्हणाला, "लाडाई, चिंधी शिवून दे." लाडाई म्हणाली, "पोर व्हायचं आहे. ते झालं म्हणजे जावं." तो म्हणाला, "गलबतं पोरासाठी थांबत नाहीत." मग तिनं चिंधी शिवली.

दुसरे दिवशी सिदोजी घोड्याला पाणी पाजायला नदीवर गेला. तिथं सात बाया घागर पुजीत होत्या. त्यानं पुसलं, "बायांनो, हा कसला वसा?" थोरली म्हणाली, "तुला रे काय करायचा? लढाईला निघालास. हाती हुकूम येईल, उतशील, मातशील, वसा टाकशील." तो म्हणाला, "नाही टाकणार. मला जिवंत परतायचं आहे." तेव्हां ती म्हणाली, "दर शुक्रवारी पाण्याची घागर भरावी, दारात ठेवावी. तहानेला येईल त्याला पाजावं. नाव पुसूं नये, गाव पुसूं नये, देव पुसूं नये. एवढं केलंस तर लढाईत मरण नाही." सिदोजीनं पुसलं, "आणि चुकलं तर?" बाया घागर घेऊन वळल्या. पाण्यात उतरल्या, दिसेनाशा झाल्या. सिदोजीनं घरी येऊन सांगितलं. दोघांनी वसा घेतला.

मग गलबतं निघाली. एक महिना पाणी लागलं, दुसरा महिना वाळू लागली, तिसरा महिना लढाई लागली. हजार गेले, तीनशे उरले. सिदोजीवर बाण आला, बाजूनं गेला. तलवार आली, मोडून पडली. देवाचं ठाणं पडलं. मग तीन दिवस गल्लीगल्लीत कापाकापी चालली. म्हातारं पाहिलं नाही, बाई पाहिली नाही, पाळणा पाहिला नाही. सिदोजीही त्यांत होता. चौथे दिवशी शुक्रवार आला. त्यानं हात धुतले, घागर भरली, प्रेतांमधे नेऊन ठेवली. शत्रूचा एक घायाळ सरपटत आला. सिदोजीनं त्याला पाणी पाजलं. कांहीं पुसलं नाही. सोबती हसले.

राजाला त्याचं शौर्य कळलं. पहिल्या वर्षी मालकीचा घोडा दिला, सिदोजी शिलेदार झाला. दुसऱ्या वर्षी एक चौकी दिली, ठाणेदार झाला. तिसऱ्या वर्षी सगळा डोंगरमुलूख दिला, सुभेदार झाला. मुलूख कोरडा. चाळीस गढ्या आणि झरा एकच, तोही सुभेदाराच्या किल्ल्याखाली. डोंगरचे लोक शुक्रवारी येत, घागरीतलं पाणी पीत, झऱ्यावर भांडी भरून नेत.

पुढं काय झालं? एक माणूस शुक्रवारी पाणी प्याला, आणि सोमवारी त्यानं खिंडीत दबा धरून सिदोजीचे बारा स्वार कापले. सिदोजीला राग आला. म्हणाला, "ज्याला पाजलं त्यानंच मारलं. आजपासून नाव पुसा." लोकांनी नाव सांगितलं. दुसऱ्या वर्षी म्हणाला, "गाव पुसा." लोकांनी गाव सांगितलं. तिसऱ्या वर्षी म्हणाला, "देव पुसा. आपल्या देवाचं नाव घेईल त्याला पाणी, नाही घेणार त्याला आल्या वाटेला लावा. झऱ्यावर पहारा बसवा."

तेव्हां एक म्हातारी दारात आली. म्हणाली, "सिदोजी, वसा काय होता?" तो म्हणाला, "वसा बारगिराचा होता. सुभा वशावर चालत नाही." म्हातारी म्हणाली, "बरं." पाणी न पितांच गेली.

मग डोंगरात तहानेनं गुरं पडलीं, म्हातारीं पडलीं, मग पोरं पडूं लागलीं. एकेक गढी शरण आली. राजानं खूष होऊन सोन्याचं कडं धाडलं. सिदोजीनं तें हातात घातलं, जेवला, पान खाल्लं.

इकडं लाडाईला मुलगी झाली होती. तिचं नांव तानू. लाडाईनं एक शुक्रवार चुकवला नाही. तानू दहा वर्षांची झाली. म्हणाली, "आई, बाप कसा असतो?" नवरा डोंगरमुलखाचा सुभेदार झाला, असं लाडाईनं खलाशांकडून ऐकलं होतं. तिनं झोपडं बंद केलं. एका सावकारी गलबतावर भांडीं घासलीं, समुद्र ओलांडला, लेकीचा हात धरून डोंगर चढूं लागली. तिसरे दिवशी पाण्याचा तुंबा रिता झाला. ऊन डोक्यावर आलं तेव्हां दोघी झऱ्याच्या चौकीवर पोंचल्या. वार शुक्रवार होता.

पहारेकऱ्यानं पुसलं, "नाव?" ती म्हणाली, "लाडाई. सिदोजी सुभेदाराची बायको." पहारेकरी म्हणाला, "सुभेदाराची बायको अनवाणी येते काय? गाव?" ती म्हणाली, "आटपाट नगर." तो म्हणाला, "सगळे तेंच सांगतात. देव कोण तुझा?" ती म्हणाली, "साती आसरा." तो म्हणाला, "तो आपला देव नव्हे. आपल्याचं नाव घे." लाडाई म्हणाली, "बाबा, आज वशाचा दिवस आहे. आज दुसऱ्याचं नाव घेववत नाही. मला नको देऊस, पोरीला दे." तानू म्हणाली, "आई, पाणी इथून दिसतंय." पहारेकऱ्यानं भाला आडवा केला. म्हणाला, "हुकूम आहे."

पुढली विहीर मुलखाबाहेर, तीन कोसांवर होती. दोघी चालल्या. एक कोस गेल्या, तानू चालली. दुसऱ्या कोसाला आईनं कडेवर घेतली. तिसरा कोस झालाच नाही.

लाडाई पोर घेऊन माघारी वळली. पहारेकरी बाजूला सरले. ती किल्ल्यात गेली, सदरेवर गेली, पोर पुढ्यात ठेवून बसली. सिदोजी म्हणाला, "बाई, नाव काय तुझं? गाव कोणतं?" ती म्हणाली, "दोन पुसलंत. तिसरंही पुसा." त्यानं आवाज ओळखला. म्हणाला, "लाडाई." मग खालीं पाहिलं. "ही कोण?" ती म्हणाली, "तुमची लेक. बाप कसा असतो तें बघायला आली होती."

सिदोजीनं कडं काढून टाकलं. धांवत झऱ्यावर गेला. पहारे उठवले. पाण्यात गुडघे टेकले. सात बाया वर आल्या. तो म्हणाला, "आयांनो, माझा जीव घ्या, पोर उठवा." थोरली म्हणाली, "एकटी तुझीच कशी उठवूं? वाटेवर पडलेलीं सगळीं पोरं उठवूं. त्यांचीं नावं सांग." सिदोजी आठवूं लागला. तीन वर्षं दारात नावं पुसलीं होतीं, एकही ध्यानात नव्हतं. त्यानं मान खालीं घातली. बाया म्हणाल्या, "घागर उचल." आणि गेल्या. पोर उठली नाही.

राजाला कळलं, सुभेदारानं झरा मोकळा केला. राजानं नवा सुभेदार धाडला. त्यानं सिदोजीच्या अंगावरची चिंधी फाडली, घोडा घेतला, झऱ्यावर पुन्हा पहारा बसवला. सिदोजी तीन कोसांवरच्या विहिरीवर राहूं लागला. लाडाईनं त्याला टाकलं नाही, जवळही केलं नाही. ती घागर भरी, तो खिंडीत वाहून नेई. कोणी पीत. कोणी ओळखीत, पाणी त्याच्या देखत मातीत ओतीत आणि तहानेले पुढं जात. तो पुन्हा भरून आणी.

अशीं बारा वर्षं गेलीं. एका शुक्रवारी डोंगरची एक बाई आली. तिचे दोन मुलगे त्या वाटेवर पडले होते. तिनं सिदोजीकडं पाहिलं. ओळखलं. मग खालीं बसली, ओंजळ पुढं केली, पाणी प्यायली. म्हणाली, "आणखी घाल."

ऐकणाऱ्या बायांनो, लाडाईवर आलं तें वैऱ्यावरही न येवो. तहानेल्याला पाणी मिळो, पाजणाऱ्याला विसर न पडो, साती आसरा तुमच्या लेकरांना वाटेत सांभाळोत. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा उत्तरांत सांगितली. ऐकणारीला सुफळ होवो, इथं संपूर्ण होवो.