गौराक्काच्या पाठीशी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. हिवरखडीच्या देवळापुढचा पिंपळ तेव्हा शेळीच्या तोंडाला लागेल एवढाच होता, असं म्हणतात. आज त्याच्या सावलीत अख्खी जत्रा बसते.

त्या वेळी गावात गौराक्का नावाची एक सून होती. घर सनगरांचं, घोंगड्या विणणाऱ्यांचं. नवरा घोंगड्या घेऊन बाजारोबाजार फिरायचा, सासू बाळव्वा चिंचोक्याची खळ शिजवायची आणि गौराक्का मागावर बसायची. घोंगडीचा माग जमिनीत असतो. खड्ड्यात पाय सोडून काठावर बसायचं आणि दिवसभर धोटा इकडून तिकडे टाकायचा. तिची वीण इतकी घट्ट की एकदा गारपिटीत तिच्या एका घोंगडीखाली मेंढका आणि त्याचा सगळा कळप कोरडा राहिला, असं म्हणतात. कळप सांगणाऱ्यांनी वाढवला असेल, पण घोंगडी चांगलीच असणार.

गौराक्काचं पहिलं मूल बाळंतपणातच गेलं आणि तेव्हापासून तिची पाठ दुखायला लागली. कमरेपासून मानेपर्यंत, उठता-बसता, निजल्यावरही. वरून काही दिसत नव्हतं. सूज नाही, जखम नाही, आणि आत मात्र एक घडीचीही उसंत नाही.

गाव वाईट नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. सगळी धावून आली. कुणी निर्गुडीचा पाला आणला, कुणी बिब्बा घातला, कुणी अंगारा लावला, कुणी उलटं निजवून पाठ तुडवली. आणि दुसऱ्या दिवशी जो तो दारात येऊन एकच विचारायचा, "राहिलं का?" म्हणजे दुखायचं थांबलं का. नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. पुढे पुढे चेहरे पडायचे थांबले आणि कपाळाला आठ्या यायला लागल्या. जणू तीच मुद्दाम दुखणं धरून बसली होती. बायका पाणवठ्यावर म्हणू लागल्या की हिला काम नको, दुसरं काही नाही. शेवटी बाळव्वाने विळा तापवून तिच्या पाठीवर डाग दिला, मेंढरांना देतात तसा.

त्या गावात एक रीत होती. ज्याच्या हाताने गुण आला, त्याच्या नावाने बरं झालेल्याने बिरोबापुढे नारळ फोडायचा. त्याला गुणाचा नारळ म्हणत. तो फुटला की दुखणं संपलं. पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही, काढलं तर देव खोटा पडतो.

डागाची जखम भरली तेव्हा गौराक्काला पुन्हा तोच प्रश्न आला. ती थकली होती हो. दुखण्याला थकली होती, त्याहून जास्त त्या प्रश्नाला थकली होती. ती हसून म्हणाली, राहिलं. तिने देवळात जाऊन सासूच्या नावाने नारळ फोडला. सगळे खोबरं खाऊन घरी गेले.

त्या दिवसापासून तिला दुखायचीही चोरी झाली. कण्हायचं नाही, कमरेवर हात ठेवायचा नाही, वाकताना थांबायचं नाही. रडू आलं तर मागाच्या खड्ड्यात तोंड घालून रडायचं आणि लोकरीची कुसळं डोळ्यांत गेली म्हणायचं. तिच्या आसवांनी त्या खड्ड्यात गुडघाभर पाणी साठलं आणि ते ऐन दुष्काळातही आटलं नाही, असं म्हणतात. मी म्हणतो, साठलं असेल. ज्याला कुणाला सांगताच येत नाही, त्याचं पाणी जाणार कुठे?

इकडे बाळव्वाचं नाव झालं. सुनेला बरं केलं म्हणून लांबलांबची माणसं डाग घ्यायला येऊ लागली. म्हातारी ताठ चालू लागली. आणि एके सकाळी एका मेंढक्याच्या हौसा नावाच्या पोरसवदा बायकोला लोकांनी गौराक्काच्याच दारात आणलं. तीही नुकतीच बाळंत झालेली, तिचीही कंबर धरलेली. बायकांनी तिला पालथं पाडून हातपाय धरले. विळा लाल झाला. हौसा ओरडत होती आणि बायका तिला समजावत होत्या की गौराक्काकडे बघ, कशी खडखडीत झाली.

गौराक्का मागावरून उठली, लोकांसमोर आली आणि सासूचा हात धरून म्हणाली, "आत्याबाई, माझं दुखणं गेलं न्हाई. येक दिससुदिक गेलं न्हाई."

विळा विस्तवात तसाच राहिला. हौसा सुटली आणि घरी पळाली. पण गाव काही तिच्यामागे गेलं नाही, ते गौराक्काकडे वळलं. देवापुढे खोटा नारळ फोडला, असं म्हणून लोकांनी तिला लोकर देणं बंद केलं, तिच्याशी बोलणं बंद केलं. नवरा बाजारातून आला, ऐकलं आणि दाराबाहेर झोपायला लागला. मागावर एक शेवटची अर्धी घोंगडी होती, ती घेऊन गौराक्का बसून राही. आधी दुखत होतं पण माणसं होती, आता दुखणं होतं आणि माणसंही नव्हती. तिने मरण मागितलं. हे सांगायला मला बरं वाटत नाही, पण मागितलं.

बाळव्वा सुनेशी एक शब्द बोलत नव्हती. किती जणांच्या पाठी आपण जाळल्या, ते ती चुलीपुढे बसून आठवत होती. एका दुपारी ती उठली, मागापाशी गेली आणि सुनेच्या मागे, पाठीला पाठ लावून खाली बसली.

"कुठं दुखतंय गं पोरी?" तिने विचारलं.

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. गौराक्काने हातातला धोटा खाली ठेवला. मग तिने सगळं सांगितलं, कुठून निघतं, कुठे ठणकतं, कुठे जळतं, आणि दिवस मावळला तरी ती सांगतच होती.

"मला काय करता यायचं न्हाई," म्हातारी म्हणाली.

"न्हाईच येत, आत्याबाई. नुसत्या बसा."

आणि ती बसली. रोज बसू लागली. सुनेचं दुखणं त्या टेकलेल्या पाठीतून म्हातारीच्या पाठीत उतरायचं, असं म्हणतात. पण सुनेचं कमी व्हायचं नाही, फक्त दुसऱ्यालाही कळायचं. गावातला एक पैलवान हे थोतांड बघायला आला आणि म्हातारीला उठवून स्वतः बसला. घामाने डबडबला, पोराटोरांसमोर रडला आणि उठून थेट देवळात जाऊन पालथा पडला. मग एकेक जण येऊन बसून गेला. फार वेळ कुणाला टिकता आलं नाही. लोकर पुन्हा येऊ लागली, नवरा घरात आला. दुखणं मात्र होतं तिथेच होतं.

टिकली ती बाळव्वाच. एका घोंगडीच्या मध्यावर ती तशीच बसल्या बसल्या गेली. गौराक्काला मागून कळलं, श्वास थांबला ते. पण ती उठली नाही, कारण ती उठली असती तर म्हातारी मागे कलंडली असती. घोंगडी पुरी होईपर्यंत ती विणत राहिली आणि तोवर बाळव्वाची पाठ ऊन होती, असं म्हणतात. त्याच घोंगडीत तिला गुंडाळून नेलं. गौराक्का पुढे म्हातारी होईतो जगली, आणि दुखतच जगली.

हिवरखडीत आता माग नाहीत. खड्डा आहे, त्याला दगडी काठ बांधला आहे, त्याला गौराक्काचा काठ म्हणतात. ज्याचं दुखणं जात नाही, तो तिथे येऊन पाय सोडून बसतो. इथे दुखणं जात नाही, हे गावकरी त्याला आधीच सांगतात. मग कुणीतरी हातातलं काम टाकून येतं, त्याच्या पाठीला पाठ लावतं आणि कुठे दुखतंय एवढंच विचारतं. पाठ देणाऱ्याने आधी उठायचं नाही, असा तिथला नियम आहे. सुगीत, रान उभं असताना, कधीकधी कुणालाच येता येत नाही. तेव्हा आलेला माणूस वाट बघतो, ऊन उतरलं की धोतर नाहीतर लुगडं झटकतो आणि उठून जातो. पण गावाला ते नंतर कळतं, आणि त्या रात्री हिवरखडीत कुणाला धड जेवण जात नाही.