मधल्या गावाची गाडी

शिरवडे तालुक्याच्या कचेरीत मल्हारी खोबरे नावाचा एक भोळा माणूस होता. तो संगणकावर नकाशे काढायचा. सांगितलं तेवढंच करायचा. कमी नाही, जास्तही नाही.

तालुक्याला रुग्णवाहिका एकच. ती उभी असायची पार दक्षिणेच्या टोकाला. उत्तरेच्या गावातून फोन गेला, तर गाडी पोहोचेपर्यंत बाळ जन्मायचं आणि बारशाचा दिवसही ठरायचा. दर वेळी सगळं सुखरूप पार पडायचं असंही नाही. म्हणून कचेरीच्या निगडे मॅडमनी मनावर घेतलं. गाडी मधल्या गावात ठेवायची.

त्या म्हणाल्या, "मल्हारी, नकाशात मध्य कुठे येतो ते शोध."

मल्हारीने नकाशा छापला. एकदा उभा दुमडला, एकदा आडवा. घड्या जिथे एकमेकींना भेटल्या तिथे लाल टिकली लावली आणि मॅडमसमोर ठेवला.

मॅडम म्हणाल्या, "हे धरण आहे."

"हो."

"गाडी पाण्यात उभी करायची?"

"ते तुम्ही बघा. मध्य तिथेच आहे."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग शांतपणे समजावलं. "अरे, कागदाचा मध्य नको. गावांमधलं मधलं गाव हवं. नकाशात प्रत्येक गावाच्या हद्दीचा एक आकार आहे ना? संगणक त्या आकाराच्या मधोमध टिंब धरतो. त्या टिंबापासून बाकीच्या सगळ्या टिंबांची अंतरं मोजतो, बेरीज करतो. ज्या गावाची बेरीज सगळ्यात कमी, ते मधलं गाव. कळलं?"

"कळलं," मल्हारी म्हणाला. त्याला ते फारच पटलं.

दुपारी शिपाई रजेवर होता. मॅडम म्हणाल्या, "मल्हारी, सगळ्यांना चहा दे बाबा."

मल्हारीने टेप आणली. टेबलं मोजली. बेरजा केल्या. टिपणीस भाऊसाहेबांच्या टेबलाची बेरीज सगळ्यात कमी आली. त्याने सगळा चहा तिथे ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. टिपणिसांनी तक्रार केली नाही. मॅडम बाहेर येईपर्यंत त्यांचे तीन कप पिऊन झाले होते.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"मधलं टेबल आहे, मॅडम. सगळ्यांना कमी चालावं लागेल."

"आणि त्या कोपऱ्यातल्या टेबलाला चौघं बसतात, त्यांचं काय? सगळी टेबलं सारखी कशी धरलीस? जिथे माणसं जास्त, तिथलं वजन जास्त. गावांचंही तेच. आधी गावांची वजनं भर, मग मध्य काढ."

मल्हारी विचारात पडला. अख्खं गाव काट्यावर कसं चढवायचं? मग त्याला सुचलं. गावाच्या वतीने सरपंच सही करतो, सरपंच भाषण करतो, तर वजनही सरपंचच देईल. त्याने रेशन दुकानातला काटा मागून घेतला, टेम्पोत घातला आणि गावोगाव फिरला. काही सरपंचांनी चपला काढल्या, काहींनी नाही. मल्हारीने चपलांचं वजन वजा केलं. कामात तो चोख होता.

खडकवेळ्याचे सरपंच बापूसाहेब ढमाले काट्यावर चढले, तेव्हा काटा कण्हला. मल्हारीने तो आकडा संगणकात भरला. मधलं गाव सरकत सरकत थेट खडकवेळ्याला आलं.

बापूसाहेब खूश झाले. म्हणाले, "तालुक्यात आपलं वजन आहे, हे मी कधीचा सांगतोय. मोजलं कुणी नव्हतं."

त्यांनी गाडीसाठी मांडवही घातला. मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी मल्हारीला समोर बोलावलं. मग म्हणाल्या, "वजन म्हणजे लोकसंख्या, मल्हारी." आणि स्वतः संगणकासमोर बसल्या. लोकसंख्या भरली, बटण दाबलं. बोरवंड गाव पडद्यावर उजळलं.

"हे मधलं गाव. जा, गाडी तिथे उभी कर."

मल्हारी ड्रायव्हर कादरभाईंना घेऊन बोरवंडला गेला. गावाच्या आकाराचं टिंब सखूआक्कांच्या मक्यात पडत होतं. कादरभाई म्हणाले, "बांधावर लावू का?" मल्हारी म्हणाला, "टिंब बांधावर नाही." गाडी मक्यात गेली. सखूआक्का विळा घेऊन आल्या. मॅडमना यावं लागलं.

भरपाई देऊन त्यांनी गाडी ग्रामपंचायतीसमोर लावली. मग मल्हारीला गाडीसोबत नेमून त्या एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "ही गाडीची जागा. उगाच हलवायची नाही. फोन आला की निघायचं. पेशंट गाडीत घ्यायचा. काम झालं की थेट जागेवर परत. मध्ये कुठे चहाला थांबायचं नाही."

मध्ये दवाखान्यात जायचं, हे त्या बोलल्या नाहीत. ते कुणाला सांगावं लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

तिथून त्या रुसलेल्या बापूसाहेबांची समजूत काढायला खडकवेळ्याला गेल्या. समजूत निघाली. निघताना पायरीवरून पाय घसरला. घोटा सुजून टम्म झाला. बापूसाहेबांनी फोन केला. पुढ्यातला चहा निवायच्या आत गाडी दारात.

कळा सोसतही मॅडमचा चेहरा उजळला. "बघितलंत बापूसाहेब? मध्याचा हा फायदा."

मल्हारीने त्यांना हळूच आत निजवलं. डोक्याखाली उशी दिली. गाडीच्या काचा दुधी होत्या, बाहेरचं दिसत नव्हतं. गाडी कुठेही न थांबता सुसाट गेली आणि उभी राहिली. दार उघडलं.

मॅडमनी मान वर केली. समोर बोरवंडची ग्रामपंचायत होती.

"मल्हारी, इथे का आणलंस?"

"पेशंट घेतला, काम झालं. थेट जागेवर परत."

"चहालासुद्धा थांबलो नाही," कादरभाई पुढून म्हणाले.

मॅडमनी डोळे मिटले. "अरे, डॉक्टर कुठे आहेत?"

मल्हारीने विचार केला. तेही बरोबर होतं.

"त्यांना घेऊन येतो, मॅडम," तो म्हणाला. "पण गाडी एकच आहे. तुम्हाला जरा उतरावं लागेल."