शिंत्रेबाईंचा पासवर्ड

"फोडलास म्हणजे नक्की काय केलंस?" नेसरीकर सरांनी विचारलं.

अभिनंदन चौगुले याच प्रश्नाची वाट पाहत होता. त्यानं लॅपटॉप सरांच्या बाजूला वळवला.

"लायब्ररीतल्या शिंत्रेबाईंचं खातं, सर. सगळ्या मुलांचे पत्ते, फोन नंबर त्यात आहेत. उद्याच्या प्रदर्शनात हेच दाखवणार आहे. आधी फक्त बाईंचं नाव. मग इंटरनेटवर उघड्यावर पडलेली माहिती. आणि शेवटी पासवर्ड, पडद्यावर, भल्या मोठ्या अक्षरांत!"

"परवानगी घेतलीस?"

"घेतली, सर. बाईंची आणि प्राचार्यांचीही. पहिल्याच तासाला तुम्ही तेच शिकवलं होतं."

"बाई काय म्हणाल्या?"

"हसल्या. म्हणाल्या, बघ की, माझ्याकडं काय आहे लपवायला?"

सरांनी मान डोलावली.

गडहिंग्लजच्या त्या कॉलेजात सायबर सिक्युरिटी शिकवायला नेसरीकर सरांखेरीज दुसरं कुणी नव्हतं. सर कुणाचं कौतुक करत नसत. एखादं काम फारच आवडलं तर 'बरं' म्हणत. मुलांमध्ये त्या 'बरं'ची किंमत डिस्टिंक्शनपेक्षा जास्त होती. अभिनंदनला तो शब्द अजून मिळाला नव्हता. आज मिळणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. उद्या प्रदर्शन बघायला पुण्याच्या एका कंपनीची माणसं यायची होती, पण खरं सांगायचं तर त्याची सगळी तयारी या एका माणसासाठी होती.

"आत शिरून काय पाहिलंस?"

"काहीच नाही, सर. उघडलं आणि लगेच बंद केलं. तेही तुम्हीच शिकवलंय."

"हं... आणि सापडला कसा?"

अभिनंदनच्या अंगात वारं भरलं. बाईंचा जुना ईमेल पत्ता, फेसबुकवरची एक पोस्ट, एका फोटोखालचं उत्तर... तीन ठिकाणी एकच शब्द आला होता. तो शब्द आणि एक साल. त्यांच्या जोड्या लावून पाहिल्या, की थोड्याच खेपांत दार उघडलं.

"इतकं सोपं, सर!"

त्यानं बटण दाबलं. पडद्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत शब्द उमटला.

बकुळ. पुढं साल.

सर पाहत राहिले.

अभिनंदन 'बरं'ची वाट पाहत होता.

सरांनी हात पुढं केला आणि लॅपटॉपचं झाकण हळूच खाली आणलं. पूर्ण मिटलं नाही. झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार ओढून घ्यावं, तेवढंच.

"हे कोण, माहीत आहे?"

"नाही, सर. फूल असेल... किंवा घराचं नाव."

"मी तिच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात."

अभिनंदनला काही कळेना.

"बाईंची लेक. दुसरीत होती," सर म्हणाले. "ताप आला. कोल्हापूरला नेईपर्यंत..."

बाहेर व्हरांड्यात मुलं उद्याची टेबलं ओढत होती. त्यांचा खरखराट तेवढा ऐकू येत होता.

"मला माहीत नव्हतं, सर."

"नव्हतंच."

"मी हे काढून टाकतो. आत्ताच. उद्या दुसरं काही दाखवीन."

"काढ." सर थांबले. "आणि पासवर्ड?"

"तो... तो तसाच राहील."

"तुला सापडला. म्हणजे आणखी कुणाला सापडेल?"

"कुणालाही."

"आणि तो परवानगी विचारेल?"

अभिनंदननं नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे बाईंना सांगावं लागेल," तो म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "पण कसं सांगू, सर? काय बोलू?"

नेसरीकर सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला.

"ते मी शिकवलेलं नाही."

लायब्ररीत दुपारचं कुणी नव्हतं. शिंत्रेबाई फाटलेल्या पुस्तकाच्या पाठीला चिकटपट्टी लावत बसल्या होत्या.

"ये रे. झाली का तुझी तपासणी? उघडलं का माझं खातं?"

"उघडलं, बाई."

"बघ बाई!" त्या कौतुकानं हसल्या. "हुशार आहेस. आणि काय सापडलं मग आत?"

"आत काही पाहिलं नाही. पण उघडायला..." त्यानं बाईंच्या संगणकाकडं पाहिलं. "उघडायला नाव लागलं."

बाईंची बोटं पुस्तकावरच थांबली.

खुर्ची मोकळी होती, तरी अभिनंदन उभाच राहिला. पळून जावं असं त्याला वाटलं.

"घरात आता ते नाव कुणी घेत नाही," बाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांना सोसत नाही. मीही मग घेत नाही... सकाळी इथं आले की पहिल्यांदा तेवढं लिहिते. मग पंखा लावते."

त्यांनी चिकटपट्टी दाबून बसवली.

"बदलायला लावू नकोस रे बाळा."

आपल्या माणसाचं नाव पासवर्डात घालू नये, हा नियम अभिनंदनला तोंडपाठ होता. परीक्षेत त्यावर त्यानं पानभर लिहिलं होतं. तो नियम आता त्याच्या ओठांवर आला आणि तिथंच विरघळला. नाव ठेवलं तर कुणीही आत शिरणार. काढलं तर या बाईंची सकाळ जाणार. वर्षभर जे जे शिकलो ते सगळं त्यानं मनातल्या मनात उलटंपालटं करून पाहिलं. आजवर त्यानं कुलूप उघडायलाच एवढं डोकं चालवलं होतं.

मग तो खुर्चीत बसला.

"बाई, नाव राहू दे. साल तेवढं काढू या."

"आणि?"

"नाव एकटं ठेवायचं नाही. त्याच्या पुढं-मागं शब्द घालायचे. अख्खं वाक्य लिहा. तुमच्याशिवाय कुणालाच सुचणार नाही असं. कुठं लिहिलेलं नसेल, कुणाला सांगितलेलं नसेल असं."

"एवढं लांब चालतंय?"

"जितकं लांब तितकं बळकट, बाई."

शिंत्रेबाई विचारात पडल्या. त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. अभिनंदननं पासवर्ड बदलण्याची जागा उघडून दिली, उठला आणि त्यांच्याकडं पाठ करून पुस्तकांच्या कपाटासमोर जाऊन उभा राहिला.

मागून एकेका बोटाचा आवाज येऊ लागला. टक... टक... मध्येच थांबला. बाई स्वतःशीच खुदकन हसल्या. पुन्हा टकटक सुरू झाली. पुन्हा थांबली. नाक ओढल्याचा आवाज आला. अभिनंदननं कपाटातल्या पुस्तकांची नावं डावीकडून उजवीकडं वाचली, मग उजवीकडून डावीकडं. त्याला एकही कळलं नाही.

"झालं," बाई म्हणाल्या. "तिचंच एक बोलणं लिहिलं बघ. काय गंमत करायची... ये, बघ बरोबर आहे का."

"नको, बाई. पुन्हा एकदा तेच लिहून बघा. उघडलं की झालं."

"अरे, तूच शिकवलंस की! तुझ्यापासून काय लपवायचं?"

"माझ्यापासूनच लपवा."

बाईंनी वाक्य पुन्हा लिहिलं. खातं उघडलं. त्या पडद्याकडं पाहत राहिल्या, आणि मग इतक्या वर्षांत लायब्ररीत कुणी ऐकला नव्हता इतक्या मोठ्या आवाजात म्हणाल्या,

"बकुळ!"

आणि त्या हाकेला दचकून त्याच हसल्या.

अभिनंदन बाहेर आला तेव्हा नेसरीकर सर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते. कधीपासून, कुणास ठाऊक.

"बदलला?"

"बदलला, सर."

"काय ठेवलं बाईंनी?"

"माहीत नाही."

"अंदाज?"

"करायचा नाही असं ठरवलंय, सर."

सरांनी त्याच्याकडं पाहिलं. असं पाहताना अभिनंदननं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नवा विद्यार्थी नव्हे, नवा सहकारी वर्गात आला की माणूस थोडा बाजूला सरकून जागा करतो, तसे ते भिंतीपाशी थोडे सरकले.

दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. समोर मुलं टेबलांवर नावं चिकटवत होती. कुणाची तारांची भेंडोळी, कुणाचे रंगीत फलक, कुणाचे दोन-दोन पडदे.

"माझं टेबल दुसऱ्या कुणाला द्या, सर," अभिनंदन म्हणाला. त्याच्या आवाजात कुरकुर नव्हती. "माझ्याकडं आता दाखवण्यासारखं काही उरलं नाही."

नेसरीकर सरांनी व्हरांड्याच्या त्या टोकाकडं बोट केलं.

"दाराजवळचं टेबल घे. बाईंना शिकवलंस तेच लोकांना शिकव. ऊन येतं तिथं... पण येणारा माणूस आधी तिथंच थांबतो."