म्यूऑनचं आयुष्य

"चूक कुठं आहे, सर? तेवढी दाखवा, मी निघतो."

प्रल्हाद खरवंडीकरांनी वही पुढं सरकवली. वेगानं जाणाऱ्याचा काळ लांबतो, हे मत त्यांनी सव्वीस वर्षं भर सभेत खोडून काढलं होतं. त्यावरच्या पुस्तकाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या.

मुकादम सर खाडीकाठी एकटेच राहत. प्रल्हादना पदार्थविज्ञान त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी भिंग हातात घेतलं, पण वही उघडली नाही.

"आधी तोंडानं सांग."

"आभाळातून म्यूऑन नावाचे कण खाली येतात. जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं. आयुष्य म्हणाल तर... सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातले दोन. महाबळेश्वरला तासाला पाचशे मोजले. इथं समुद्रावर पोचेतो बहुतेक मरायला हवेत. साठेक उरावेत."

"उरले किती?"

"तीनशे अठ्ठ्याऐंशी."

बाहेर ओहोटी लागली होती. चिखलाचा वास आत येत होता.

"म्हणजे त्यांचा काळ लांबला."

"किंवा यंत्र चुकलं!"

"बदलून पाहिलंस?"

"दोनदा."

"मग?"

"आकडा तोच."

"किती आले असते, तर तू मानलं असतंस?"

असा आकडा खरवंडीकरांनी कधी ठरवलाच नव्हता.

"हे तूच मोजलंस?" सरांनी विचारलं.

"आता, होय. आधी... वैजयंतीनं मोजलं होतं. माझी विद्यार्थिनी. नऊ वर्षं झाली. मीच पाठवलं होतं तिला, माझं खरं करून दाखवायला."

"तिला किती मिळाले?"

"तीनशे ब्याण्णव. पुन्हा कर म्हटलं. एकूण तीनदा केलं तिनं. शेवटी मी म्हटलं, आकडे बनवलेस. चारचौघांत म्हटलं. प्रबंधावर सही केली नाही."

"कुठं असते आता?"

"विषयच सोडला तिनं. मिरजेला कुठल्याशा दवाखान्यात पेशंटची नावं लिहायला बसते, असं कानावर आलं."

सरांनी आता वही उघडली. एकेक पान भिंगाखालून जाऊ लागलं. सर मध्येच "हं" म्हणत, आणि खरवंडीकरांचा जीव वरखाली व्हायचा. सव्वीस वर्षं एका "हं"वर टांगलेली...

"सापडली."

खरवंडीकर उठून उभेच राहिले. "कुठं?"

सरांनी पहिलं पान उलटून काढलं. वर ठळक लिहिलं होतं, 'प्रयोग पहिला'.

त्यांनी 'पहिला'वर पेन्सिलीनं काट मारली. शेजारी लिहिलं, 'चौथा'.

खरवंडीकर खाली बसले.

"आजच पत्र लिहितो तिला," ते म्हणाले. "सही करतो. पुस्तक मागं घेतो. नऊ वर्षं म्हणजे काही फार नाहीत ना, सर?"

सरांनी वही मिटून त्यांच्या हाती दिली.

"काळ लांबला तो म्यूऑनचा, प्रल्हाद. तिचा नाही."