धारजाईच्या पालखीची दांडी

कुसरुळ्याच्या तळ्याकाठी कातळात सोळा भोकं आहेत, धनुष्यासारख्या वाकड्या ओळीत. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, ही पांडवांनी पाडली का? नाही हो. पांडवांना दुसरी कामं होती. ही हैबती सुताराने पाडली, असं आमच्याकडे सांगतात. सगळं ऐकायचं असेल तर जरा टेका. उभ्या उभ्या सांगण्यासारखी गोष्ट नाही ही.

त्या काळी धारजाईच्या पालखीची दांडी सरळ होती. देवीचा मुकुट उंच, तो दांडीला अडायचा. म्हणून चैत्र पुनवेला तिला पालखीत आडवी निजवून मिरवत. माणसाला शेवटचं नेतात तशी देवी जायची, आणि ते हैबतीला बघवत नसे. एका वर्षी त्याने देवळाच्या पायरीवर तासणी ठेवली आणि शपथ घेतली म्हणे, "पुढच्या पुनवेला आई बसून गेली नाही, तर या हत्याराला पुन्हा हात लावणार नाही." सुताराने तासणी टाकली की घरात शिजणार काय? पण बोलून बसला.

जाड लाकूड वाकवलं तर मोडतं. म्हणून त्याने धामणीच्या लवचिक लाकडाच्या पातळ पट्ट्या काढल्या, तळ्यात भिजवल्या, वाफेवर मऊ केल्या आणि कातळात वाकड्या ओळीत भोकं पाडून, त्यांत खुंट्या ठोकून त्यांच्या बाकाने वाळवल्या. मग चिंचोक्याची खळ लावून एकीवर एक चिकटवल्या आणि पुन्हा खुंट्यांत आवळल्या. आता अकरा दिवस हात लावू नका, एवढंच त्याने गावाला सांगितलं.

एवढंच गावाला जमलं नाही.

पाण्याला येणारी बाई विचारी, "झालं का?" गुरं पाजायला आलेला विचारी, "झालं का?" तिसऱ्या दिवशी पाटील आले. "बघू तरी," म्हणून त्यांनी दोन खुंट्या उपटल्या. ओल्या खळीतून पट्ट्या सुटल्या, ताडकन सरळ झाल्या, आणि एक पाटलांच्या गालावर बसली. हैबतीने नव्या पट्ट्या काढल्या, पुन्हा सगळं केलं. या खेपेला सहाव्या दिवशी देवळाच्या गुरवाने खुंट्या उपटल्या. त्याचं म्हणणं, पाटलांनी चुकीच्या खुंट्या काढल्या होत्या. त्यात सात खुंट्या मोडल्या.

तिसऱ्यांदा पट्ट्या तयार झाल्या तेव्हा पुनव अकरा दिवसांवर आली होती आणि धामण संपली होती. हैबती नव्या खुंट्या तासायला बसला. तेवढ्यात त्याची बायको राही आली. तिने त्याच्या हातातली तासणी काढून घेतली.

"खुंट्या नकोत," ती म्हणाली. "त्या उपटता येतात."

एका रिकाम्या भोकापाशी ती पाय रोवून बसली आणि खळ लावलेली दांडी पाठीने दाबून धरली. दुसऱ्यापाशी हैबतीला बसवलं. थोड्या वेळाने पाटील आले.

"झालं का गं, राही?"

"नाही. बसा इथं."

"मी?"

"तुम्ही विचारलंत ना? मग झाल्यावर उठा."

पाटील बसले. त्यांना जेवायला बोलवायला पाटलीणबाई आल्या, त्यांनीही विचारलं. त्याही बसल्या. गुरव लांबूनच ओरडला, "झालं का?" त्याला हाताला धरून आणलं. दोन दिवसांत सातही जागा भरल्या. मग पाळ्या लागल्या. भाकऱ्या तिथेच, झोप तिथेच. नवव्या दिवशी सगळा गाव कातळावर होता, आणि विचारायला कुणी उरलं नव्हतं म्हणे.

अकराव्या दिवशी पुनव. सकाळी हैबतीला राहवेना. कळवळून तो म्हणाला, "राहे, झालं असेल का गं?"

तिने बोटाने त्याची जागा दाखवली. तो मुकाट्याने पुन्हा पाठ टेकून बसला, दुपार होईपर्यंत.

दुपारी ती म्हणाली, "सोडा." सगळ्यांनी पाठी काढल्या, उरलेल्या खुंट्या निघाल्या. दांडी हलली नाही, बाक तसाच राहिला. त्या संध्याकाळी देवी ताठ बसून गेली. आमच्या गावाने तिच्याकडे मान वर करून पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. हैबतीची तासणी राहीने आपल्या हाताने त्याला परत दिली.

आजही पुनवेला पालखी उचलण्याआधी सगळा गाव त्या दांडीला पाठ लावून बसतो. किती वेळ, ते ठरलेलं नाही. आणि जो विचारील त्याला बसवतात. गेल्या वर्षी शहरातले एक साहेब गाडी चालू ठेवून आले, घड्याळ बघत म्हणाले, "झालं का हो तुमचं?" बसवलं. बऱ्याच वेळाने त्यांचा ड्रायव्हर शोधत आला, आणि त्यानेही तेच विचारलं.