धाकू आणि वाफेची होडी

वाडकोंड गावात एक नियम होता. मोठ्यांनी सांगितलं की करायचं. ‘का’ विचारायचं नाही. त्या नियमाचं ‘का’ तर मुळीच नाही.

त्याच गावात एक भोळा धाकू होता. नियम तंतोतंत पाळणारा तो एकटाच. थोरले मानकरी तात्या त्याच्यावर बेहद्द खूश. ते केसोबा मिस्त्रीला म्हणाले, "तुझी शेवंती फार प्रश्न विचारते. धाकूला देऊन टाक. पौर्णिमेला उरकू."

केसोबा होड्या बांधायचा. मुंबईच्या गोदीतल्या एका खलाशाकडून त्याने ऐकलं होतं, की अमेरिकेत कुणीतरी वाफेवर बोट चालवली. शीड नाही, वल्हं नाही. काठावरचे लोक आधी खदाखदा हसले आणि मग तिकीट काढून बसले. केसोबाने होडीत तांब्याचा मोठा बंब बसवला, दोन्ही अंगांना चाकं लावली. होडी खाडीपार गेली तर गावाची ने-आण कायमची त्याच्याकडे येणार होती. तात्यांची एकच अट. बंबापाशी धाकू बसेल.

"मी बसते की," शेवंती म्हणाली. "बंब कसा चालतो, मला कळतं."

"तू विचारत बसशील," तात्या म्हणाले.

पहिल्या दिवशी केसोबाने धाकूला सांगितलं, "दिसेल ते लाकूड आत घाल. विस्तव विझता कामा नये."

धाकूने ढलप्या घातल्या. त्या संपल्यावर वल्ही घातली. मग केसोबाचा बसायचा पाट.

"मेल्या, वल्ही जाळलीस?"

"लाकडाचीच होती, काका."

"होडीत आहे ते होडीतच राहिलं पाहिजे! समजलं?"

"समजलं."

दुसऱ्या दिवशी तळाच्या फटीतून पाणी आत आलं. धाकू बघत बसला. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. केसोबा धावत आला तेव्हा धुराडं आणि धाकूचं डोकं तेवढं वर होतं.

"उपसलं नाहीस?"

"होडीत आहे ते होडीतच..."

"पाणी दिसलं की उपसायचं! सगळं!"

"बरं."

होडी वर काढली, फट बुजवली. तिसऱ्या दिवशी धाकूने बंबाचं झाकण उघडलं. आत पाणी! त्याने सगळं उपसलं. खाली विस्तव धडधडत होता. बंबाचा तळ लालबुंद झाला आणि सांधे जोडणारे सगळे डाग सुटले.

केसोबाने कपाळाला हात लावला. "बंबातलं बाहेर येऊ द्यायचं नाही रे! थेंबसुद्धा नाही!"

"हे आधी सांगायचं ना, काका."

डाग देण्यात चार दिवस गेले. शेवंती म्हणाली, "बाबा, आणि झडप? जादा वाफ तिच्यातूनच बाहेर येते ना? ते सांगा त्याला."

"दोन गोष्टी राहत नाहीत ग त्याच्या डोक्यात."

ठरलेल्या दिवशी पाच मानकरी होडीत बसले. सगळा गाव काठावर जमला. चाकं फिरली आणि होडी खरंच चालली! सुकाणूवर बसलेल्या केसोबाला आनंदाने रडू आलं. बंब मात्र त्याला दिसत नव्हता. मध्ये पाच पगड्या होत्या.

खाडीच्या मध्यावर झडप म्हणाली, फुस्स.

धाकूची पाचावर धारण बसली. बंबातलं बाहेर येत होतं! त्याने झडपेवर ओंडका ठेवला. तो उडाला. नांगराचा दगड ठेवला. तोही थुईथुई नाचू लागला. याहून जड काय? धाकूने होडीभर नजर फिरवली.

"तात्या, दगडावर नवा पाट ठेवलाय. जरा इथं बसा."

"का?"

धाकूने स्वतःचे कान धरले. "‘का’ विचारायचं नाही, तात्या."

बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या. नियम म्हणजे नियम. तात्या बसले.

"उठा, तात्या!" काठावरून शेवंती ओरडली. "झडप मोकळी करा!"

"मुलीच्या जातीने ओरडू नये," तात्या बसल्या जागेवरून म्हणाले.

मग बंब फुटला.

ओहोटीने पाणी आटून काठ जवळ आले होते म्हणून सगळे वाचले. केसोबा सुकाणूला धरून काठाला लागला. चार मानकरी पोहत आले. तात्या उडून थेट चिखलात पडले, आणि त्यांची पगडी तिवराच्या शेंड्यावर. धाकूला खरचटलंही नाही.

"पोरगा आज्ञाधारक आहे, यात शंका नाही," तात्या चिखलातूनच म्हणाले. "पौर्णिमा पक्की."

"मी हे लग्न करणार नाही," शेवंती म्हणाली. "आणि पुढचा बंब मी चालवणार."

तात्यांनी तोंड उघडलं. त्यांना फक्त एक शब्द विचारायचा होता. पण सगळा गाव ऐकत होता, आणि धाकू तर शेजारीच, कान टवकारून उभा होता.

तात्यांनी तोंडातला चिखल थुंकला आणि तोंड मिटलं. बाकीच्या चौघांनीही.